डावा गाल

सकाळी चामड्याच्या पट्ट्यावर वस्तऱ्याची सटासट ऐकू आली की चहाचं आधण ठेवायचं, हा त्या घराचा लग्नापासूनचा शिरस्ता. आधणाला उकळी फुटायच्या आत उस्ताद स्वतःची दाढी उरकून आरशात मिशी न्याहाळत उभे असायचे. दाढी-कटिंगचं दुकान त्यांचं. सगळा बाजार त्यांना उस्तादच म्हणायचा.

मग अर्धांगाचा झटका आला आणि डावी बाजू गेली. जीभ जड झाली, पण तिचा तिखटपणा गेला नाही. आता दुकान बघणारा धाकटा भाऊ दाढी करायला आला, तर उस्तादांनी मानच फिरवली.

"याला मी शिकवलंय. याच्या हातात माझा गळा? अगं, तूच कर."

"अहो, मी जन्मात भाजी सोडून काही कापलेलं नाही!"

"मग मला दुधी समज."

दीर हसला, आणि जाताना तुरटीचा चांगला मोठा खडा वहिनीच्या हातात ठेवून गेला.

पहिल्या दिवशी तिने वस्तरा दोनदा उघडला आणि दोनदा मिटून ठेवला. उजव्या गालावर जरा चुकलं की उस्ताद ओरडत, "आडवा धर! डाव्या हाताने कातडी ताण!" डाव्या गालावर मात्र रक्ताचा थेंब हनुवटीपर्यंत ओघळला तरी ते आपले शांत. ओरडण्यापेक्षा तिला त्या शांततेचीच धास्ती वाटायची. मुकाट्याने ती तुरटी फिरवायची. तुरटीनेही ते चुळबुळत नसत.

त्या बाजूची जाणीव परतली तर बाकीचंही हळूहळू परतेल, असं डॉक्टर म्हणाले होते. नाही तर आहे ते असंच. डोळे मिटायला सांगून त्यांनी गालावर सुई टोचून पाहिली होती. "टोचतंय," उस्ताद म्हणाले. डॉक्टरांनी सुई लांब नेली. "टोचतंय," उस्ताद पुन्हा म्हणाले. त्या दिवसापासून त्यांच्या 'हो'वरचा तिचा विश्वासच उडाला. चिमटा काढून विचारावं तर उत्तर ठरलेलं, "लागतंय की!"

हळूहळू हात बसला. सुरुवातीला दाढी होईपर्यंत आधण आटून जायचं. पुढे चहा वेळेवर होऊ लागला. कातडी कुठे ताणायची, फेस कुठे दाट हवा, हे बोटांनाच उमगायला लागलं. कापणं थांबलं. तुरटी कोरडी पडून राहिली.

"दुकान काढ आता," शेजारीण म्हणाली.

तिला मात्र वेगळंच खात होतं. आधी रक्त आलं की निदान कळायचं तरी, अजून जाणीव आलेली नाही म्हणून. आता तेवढंही कळेना. मुद्दाम कापून बघावं? छे, तो विचारसुद्धा नको. आणि तो पुन्हा मनात यायच्या आत उरकावं म्हणून ती आणखीच भराभर वस्तरा चालवू लागली.

डॉक्टरांकडे परत जायचा दिवस आला. सकाळपासून तिच्या जिवाला थारा नव्हता. आधण ठेवूनच ती दाढीला बसली. उजवा गाल झाला, हनुवटी झाली. आत आधणावरचं झाकण खडखडलं, तिचं लक्ष गेलं, ताणून धरणारी बोटं सैल पडली आणि वस्तरा डाव्या गालावर घसरला.

"आई गं!"

वस्तरा तिच्या हातून पाण्याच्या वाडग्यात पडला. "काय झालं?"

"काय झालं म्हणजे? कापलंस! एवढा हात बसलाय म्हणे!"

"कुठे कापलं?" रक्त तिला दिसत होतं, पण कुठे ते तिला त्यांच्याकडून हवं होतं. "डोळे मिटा आधी. मिटा म्हणते ना! आता दाखवा."

उस्तादांनी कुरकुरत डोळे मिटले. उजवा हात वर आला, बोट क्षणभर हवेत चाचपडलं आणि नेमकं जखमेवर टेकलं.

तिने तुरटी शोधली, पाण्यात बुडवली, गालावर धरली.

"स्स! झोंबतंय! अगं, फुंकर तरी घाल!"

ती वाकली. पण हसू आणि रडू एकदमच आलं, आणि काही केल्या तिला फुंकर घालता येईना.