पापुद्र्यातल्या नळ्या

बारकी पस्तिशीला आली तरी संस्थेत तिला सगळे बारकीच म्हणत, आणि ही सगळी तिच्या ताईची करणी. दोघी एकाच संशोधन संस्थेत होत्या. बारकी रुजू झाली त्या दिवशी ताईनं भर कॅन्टीनमध्ये "बारके, इकडे ये!" अशी हाक मारली आणि तिचं खरं नाव तिथंच संपलं. ताई तळमजल्यावर खरी पानं गोठवायची, बारकी वरच्या मजल्यावर कॉम्प्युटरमध्ये. "तुझी पानं खोटी," असं ताई दिवसातून एकदा तरी ऐकवायचीच.

प्रश्न मात्र दोघींचा एकच होता. कडाक्याच्या थंडीत काही झाडं माना टाकतात आणि काही तगतात, ते कशामुळे? पानाच्या पेशीत अतिशय पातळ पापुद्रे असतात. लिपिड नावाचे तेलकट रेणू खांद्याला खांदा लावून उभे राहतात आणि त्यांचा पापुद्रा होतो. डोकी पाण्याकडे, शेपट्या आत, पाण्यापासून लपवलेल्या. पान गोठायला लागलं की पेशीतलं पाणी बर्फाकडे ओढलं जातं आणि पापुद्रे एकमेकांच्या अंगावर येतात. त्यानंतर आत नेमकं काय घडतं, ते बारकीला बघायचं होतं. तिनं थंडीत मान टाकणाऱ्या एका नाजूक झाडाच्या पानातले दोन पापुद्रे रेणू न् रेणू मांडून कॉम्प्युटरमध्ये रचले आणि मधलं पाणी हळूहळू काढून घेतलं.

त्या सकाळी तिनं निकाल उघडला आणि हातातला चहा तसाच राहिला. दोन पापुद्रे एका जागी एकमेकांना टेकले होते. टेकल्या जागी रेणू वळले, डोकी आत आणि शेपट्या बाहेर, आणि बघता बघता तिथं बारीक बारीक नळ्या तयार झाल्या. सरळ पापुद्र्याचा मागमूस उरला नाही. दुसरीच कुठली तरी फाइल उघडली की काय म्हणून तिनं नाव पुन्हा पुन्हा वाचलं. मग ती जिन्यावरून जवळजवळ उड्या मारतच सरांकडे गेली.

सर विभागप्रमुख होते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, चित्र दोनदा फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "तू कॉम्प्युटरमध्ये रेणू ठेवलेस ती पेटी लहान आहे. जागा नाही म्हणून वाकलेत बिचारे."

"मोठ्या पेटीत ठेवून दाखवते," बारकी म्हणाली.

मोठी पेटी म्हणजे कॉम्प्युटरला कितीतरी जास्त काम. कित्येक आठवडे ती यंत्राच्या मागे हात धुऊन लागली होती. घरी जेवताना नवरा काहीतरी विचारायचा आणि ही भलतंच उत्तर द्यायची. शेवटी निकाल आला. नळ्या पुन्हा झाल्या होत्या, आणि त्याही पेटीच्या कडांपासून लांब, अगदी मध्यावर. सरांनी नळ्या कडेपासून किती लांब आहेत ते मोजून पाहिलं. मग हळूच म्हणाले, "ताईला बोलाव."

ताईनं सगळं उभ्या उभ्याच पाहिलं. "दिसतंय छान. पण माझ्या पानात हे कुठं दिसेल ते आधी सांग. मागाहून 'मला हेच म्हणायचं होतं' चालणार नाही."

बारकीनं हिशेब केला. पानातून क्ष-किरण सोडले की पापुद्र्यांच्या चळतीच्या गोल कड्या पडद्यावर उमटतात, नळ्या असतील तर वेगळ्या जागी. ती तळमजल्यावर गेली आणि तिनं थेट यंत्राच्या पडद्याच्या काचेवर लाल मार्करनं एक कमान काढली. "इथं. नाजूक झाडाच्या पानात इथं नवी कडी येणार. थंडीत तगणाऱ्या काटक झाडात येणार नाही. त्याच्या लिपिडांची डोकी मोठी असतात, ती वाकूच देणार नाहीत."

"काच पुसायची तुलाच," ताई म्हणाली आणि तिनं नाजूक झाडाच्या पानाची पट्टी यंत्रात सरकवली.

थंडी वाढत गेली. जुन्या कड्या हलल्या, फिकट झाल्या. आणि मग लाल कमानीच्या बरोबर मागे एक पुसट पांढरी रेघ आली. ठळक झाली. दोघी एकदमच किंचाळल्या. यंत्र सांभाळणारे काका धावत आले. "शॉक बसला का कुणाला?"

"बसला!" ताई म्हणाली. "मला!"

आता काटक झाडाची पाळी. बारकी खुर्चीत रेलून बसली, निकाल आपल्या खिशात असल्यासारखी. थंडी वाढली, आणि लाल कमानीमागे तीच कडी उमटली. बारकीचा चेहरा खर्रकन उतरला.

"असू दे गं," ताई तिच्या पाठीवर हात ठेवत म्हणाली. "अर्धं तर बरोबर आलं. उबेवर आणते आता पानाला."

पान उबेला लागलं आणि बारकी ताडकन उठली. काटक पानातली कडी विरत चालली होती. बघता बघता ती गेली आणि जुन्या कड्या परत जागेवर आल्या. ताईनं नाजूक झाडाची नवी पट्टी गोठवून तीही उबेवर आणली. तिच्यातली कडी जागची हलली नाही.

"मी चुकले!" बारकीनं ताईचे दोन्ही खांदे गदागदा हलवले. "ताई, मी सपशेल चुकले! वाकतात दोघंही. काटक झाड परत सरळ होतं!"

"चुकल्यावर एवढी नाचणारी तूच पाहिली," ताई म्हणाली, पण हसू तिलाही आवरत नव्हतं.

ऊब लागली की बर्फ वितळून पाणी पेशीत परत येतं. इतके दिवस बारकीनं फक्त पाणी काढून पाहिलं होतं, परत घालून पाहायचं डोक्यातच आलं नव्हतं. तिनं आता दोन पेट्या लावल्या, एकीत नाजूक झाडाची लिपिडं, दुसरीत काटक झाडाची, मोठ्या डोक्यांची. दोन्हींत नळ्या होऊ दिल्या आणि मग थेंबाथेंबानं पाणी सोडलं.

निकाल उघडला तेव्हा ताई आणि सर तिच्या खुर्चीमागे उभे होते. पहिल्या पेटीत नळ्या फुगल्या, पण तशाच राहिल्या. दुसरीत मोठ्या डोक्यांभोवती पाणी गोळा झालं, नळ्या एकेक करून उकलल्या आणि दोन सरळ पापुद्रे एकमेकांपासून सुटे झाले.

"पुन्हा दाखव," सर म्हणाले. तिनं दाखवलं. "पुन्हा." तिसऱ्या खेपेला त्यांनी तिला उठवलं आणि स्वतःच खुर्चीत बसले.

बारकीनं मागं वळून पाहिलं तर ताई दाराशी पोहोचली होती.

"कुठं निघालीस?"

"पानं तोडायला. ज्या झाडाचं तुला काहीच माहीत नाही, त्याची आणते. आता सांग बघू, कडी जाणार की राहणार?"

"लिपिडं कुठली आहेत ते तरी सांग!"

"ते चालता चालता सांगते. चल!"