एका कानाचा नियम

मित्रांनो, माझा अवतार बघून लगेच नाक मुरडू नका. मी एक जुना हेडफोन आहे. माझ्या कानांवरचं मूळचं काळं कातडं कधीच सोलून गेलं. आता तिथं जुन्या जांभळ्या साडीच्या तुकड्याची टोपडी आहेत, आणि डोक्यावरच्या पट्टीला एक तडा आहे. तो तडा कसा गेला, ते सांगण्यासाठीच आज तुमच्यापुढे आलो आहे.

माझा जन्म कुठल्या देशातल्या कारखान्यात झाला, मला ठाऊक नाही. खोक्यावर लिहिलं होतं, पण ते खोकं हरवलं. एवढं आठवतं, की तिथल्या एका बाईंनी मला क्षणभर कानांना लावलं, दोन्हीकडून सारखा आवाज येतो हे पाहिलं आणि समाधानानं मान हलवली. माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी. पुढं बेळगावच्या खडे बाजारातल्या एका दुकानात मी बरेच दिवस टांगून होतो. तिथून अरिहंतनं मला निपाणीला आणलं.

अरिहंत शाळेत कॉम्प्युटर शिकवतो. दिवसभर पोरांना 'आवाज बंद' म्हणून दरडावायचं आणि घरी येऊन जगातला सगळ्यात मोठा आवाज कानांना लावून बसायचं, हा त्याचा दिनक्रम. त्या संगीताला एक्स्ट्रीम मेटल म्हणतात. त्यात ड्रम पत्र्यावर गारा पडाव्यात तसे वाजतात आणि गायक गात नाही, पोटातून गुरगुरतो. असे नवे अल्बम निघाले की अरिहंत त्यांची परीक्षणं एका ऑनलाइन मासिकात मराठीतून लिहितो. वाचणारे मूठभर, पण सगळे कडवे.

त्याची आई, कांता, हिनं एकदा कुतूहलानं मला डोक्यावर चढवलं आणि लगेच काढून ठेवलं.

"अगं बाई! ह्यो गातोय का ह्येला कुणी मारतंय?"

"गातोय, आई."

"मग ह्येला वाईच पानी तरी द्या रं."

असं म्हणाली खरी, पण माझं कातडं सोलल्यावर टोपडी शिवली तिनंच. लेकाचं वेड तिला कळत नव्हतं. कान टोचू नयेत एवढं मात्र कळत होतं.

ते दिवस माझ्या भरभराटीचे होते. अरिहंत नवा अल्बम आधी गच्चीवर फेऱ्या मारत ऐकायचा, मग डोळे मिटून, मग शब्द समोर ठेवून. ऐकताना दोन्ही हातांनी मला कानांवर दाबून धरायचा. मगच लिहायला बसायचा. त्यानं कौतुक केलं की लोक 'छान' म्हणत, आणि कुणाला सोललं की परीक्षण गावोगाव फिरे. मित्रांनो, टाळी मोठी वाईट. हळूहळू अरिहंतचं कौतुक आखडत गेलं आणि सोलणं वाढत गेलं. गाणं संपायच्या आत त्याच्या ओठांवर वाक्य तयार असे. मला ते जाणवत होतं, पण मी पडलो दुसऱ्याचं बोलणारा. मला जे दिलं जातं तेवढंच मी बोलतो.

मागच्या भाद्रपदात पर्युषणाचं पर्व आलं. पर्वाच्या दिवसांत जैन घरांतून जो तो काही ना काही सोडतो. कांतानं मीठ सोडलं. बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, चातुर्मासाला आलेल्या महाराजांपुढं अरिहंतला उभं करून तिनं त्यालाही नियम घ्यायला लावला, की पर्व संपेपर्यंत गाणं ऐकणार नाही. मला कपाटात ठेवलं गेलं. मलाही विसावा हवाच होता.

नेमका तेव्हाच खानापूरच्या सूरजचा अल्बम आला. सूरज हा भातशेती करणाऱ्या घरातला तरुण. गिटार, गुरगुरणं, सगळं एकट्यानं करून त्यानं पहिला अल्बम काढला होता, त्याचं नाव 'चिखलणी', म्हणजे भात लावण्याआधी शेतात चिखल करायचं काम. मासिकाला परीक्षण ताबडतोब हवं होतं. अरिहंतनं नाही म्हणायला हवं होतं. पण नियम मोडायचा नाही आणि मानही सोडायचा नाही, अशा पेचात सापडलेल्या माणसाला पळवाट बरोबर सुचते. कांता दुपारी प्रवचनाला गेल्यावर त्यानं मला बाहेर काढलं आणि फक्त उजवा कान लावला. डावा मानेवर सारला. त्या कानानं फाटकाची कडी वाजते का ते ऐकायचं होतं. शिवाय एका कानानं ऐकलं तर नियम अर्धाच मोडतो, असा त्याचा हिशेब होता.

मित्रांनो, सूरजनं अल्बमचा आवाज दोन कानांत वाटला होता. उजवीकडे तो गुरगुरायचा आणि मध्येच थांबायचा. त्या थांबलेल्या जागी डावीकडे त्याची आई, यशोदाबाई, चिखलणीच्या वेळचं गाणं म्हणायची. पोरगं विचारतंय आणि आई उत्तर देतेय, असं ते होतं. मी डावीकडून जीव तोडून ते उत्तर देत होतो, अरिहंतच्या मानेला.

त्यानं एकदाच ऐकलं आणि लिहून टाकलं: 'गायक गुरगुरतो, थांबतो, आणि थांबलेल्या जागी काहीही नाही. रिकामं. खानापूरच्या जंगलाशेजारी राहून याच्या गाण्याच्या घराला एक आढंही मिळू नये?' लोक पोट धरून हसले. परीक्षण खूप फिरलं. मी कपाटात परत गेलो आणि आतल्या अंधारात मला माझ्या डाव्या बाजूची लाज वाटत राहिली. खरं तर चूक तिची नव्हती. तरी वाटत राहिली.

पर्व संपलं. क्षमावाणीचा दिवस आला. त्या दिवशी वर्षभरात कळत-नकळत दुखावलेल्या सगळ्यांची क्षमा मागायची असते. कांता सकाळपासून नातेवाइकांना फोन करत होती. अरिहंतनं मला काढलं, नियम सुटल्याच्या आनंदात दोन्ही कान लावले आणि जे हाताशी होतं तेच सुरू केलं. सूरज गुरगुरला, थांबला. डावीकडून यशोदाबाई गाऊ लागली.

अरिहंतचे हात जागच्या जागी राहिले. अल्बम संपेपर्यंत तो हलला नाही. मग त्यानं सूरजला फोन लावला.

"माझं सोडा, अण्णा," सूरज म्हणाला. "पर आईनं परीक्षण वाचून दाखव म्हटलं, मी दाखिवलं. तिला वाटतंय तिच्यामुळंच समदं बिघडलं. आता शेतात तण भांगलताना बायका गात्यात, ही मुकाट्यानं भांगलते."

फोन ठेवून अरिहंत आईसमोर गेला आणि सगळं सांगून बसला. कांतानं हातातला फोन खाली ठेवला.

"नियम अर्धा कसा मोडतो रं? उपास हाय म्हणून एका गालानं जेवतोस व्हय?" ती म्हणाली. "मोडलास त्यो मोडलास. पर ज्येच्यासाठी मोडलास, त्येचं तरी धड ऐकायचं हुतं. ऊठ. ही क्षमा फोनवर मागायची न्हाय."

खानापूरच्या बसमध्ये अरिहंतनं मला मांडीवर धरलं होतं. बाहेर भातं हिरवीगार होती, पण त्याची मान वर झाली नाही. मी जीव नाही, मित्रांनो. त्यामुळे माझी कुणी क्षमा मागत नाही आणि मलाही ती मागता येत नाही. त्या दिवशी मात्र मागावीशी फार वाटली.

यशोदाबाई शेतातून नुकतीच आली होती. अरिहंतनं हात जोडले.

"मावशी, मी तुमचं गाणं ऐकलंच नव्हतं. न ऐकता रिकामं म्हटलं. मला क्षमा करा."

तिला काही उमगेना. सूरजच्या मोबाइलवर तिनं हे ऐकलं होतं तेव्हा दोन्ही आवाज एकात मिसळून सगळा कालाच ऐकू आला होता. अरिहंतनं मला तिच्या डोक्यावर चढवलं. तिच्या पदराला चिखलाचा आणि चुलीच्या धुराचा वास होता. ती ऐकत राहिली. डोळे भरले, तरी हसली.

"मीच की ही!" ती म्हणाली. "तू बी ऐक बाळ. माझी बाजू तू घे. मला माझं म्हाइत हाय, मी पोराचं ऐकते."

मला काही कळायच्या आत तिनं माझे दोन्ही कान ताणले, डावा त्याच्या कानाला लावला आणि उजवा आपल्या. माझी पट्टी कर्रकन वाजली. मोडलो तर मोडलो, असं आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

तिच्या बाजूला सूरज गुरगुरला आणि थांबला. यशोदाबाईनं कान घट्ट दाबला, वाट पाहिली. मग अरिहंतकडे वळली.

"खरंच की रं. हिकडं रिकामंच हाय. तू खोटं न्हाय लिवलंस."

तिनं रागानं चार शब्द सुनावले असते तरी अरिहंतला बरं वाटलं असतं. तो खाली बसला आणि रडू लागला. सूरज दारात उभा राहून पायानं जमीन उकरत होता. तेवढ्यात माझ्या उजव्या बाजूचं गुरगुरणं पुन्हा थांबलं, पुन्हा तीच रिकामी जागा आली, आणि यशोदाबाईला ती काही सोसवेना. तिनं तोंड उघडलं आणि मोठ्यानं गाऊन ती भरून काढली.

अरिहंतनं दुसरं परीक्षण लिहिलं. 'हा अल्बम मी एका कानानं ऐकला होता,' ही त्याची पहिली ओळ. पण पहिल्यावर हसलेले लोक दुसरं वाचायला फारसे आले नाहीत. तो अजून रोज उघडून बघतो, आणि त्याचा चेहरा उतरतो.

मला आता चिकटपट्टी लावली आहे. मित्रांनो, आम्हा वस्तूंना जपा. तडा गेला तर टाकून देऊ नका, कांतासारखं टोपडं शिवा. आणि कुणाला रिकामं म्हणण्याआधी, तुमच्या मानेशी कुणी जीव तोडून गात तर नाही ना, एवढं बघा. आम्हाला हाक मारता येत नाही.