दवाखान्यांच्या दारातली हिरवी स्कूटर

मित्रांनो, मी एक जुनी हिरवी स्कूटर आहे. किक मारली तर अजूनही सुरू होते, पण आता मला किक मारतो कोण? जळगावच्या पिंप्राळ्यातल्या शेडखाली उभी राहून मी आपले जुने दिवस आठवत असते.

१९८३ साली लीलाधर झोपे सरांनी मला घरी आणले. सर जळगावच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत. बाकीचे प्राध्यापक कापसाचा, केळीचा बाजार अभ्यासत. सर मात्र दवाखान्यांचा बाजार अभ्यासायला निघाले. लोक हसले. सर म्हणत, "केळी विकणारा चार व्यापाऱ्यांना भाव विचारतो. पोटात कळ आलेला माणूस कुठे विचारत फिरेल?"

या एका प्रश्नापायी मी धुळे, अमळनेर, भडगावच्या रस्त्यांवर टायर झिजवले.

भडगावात ऑपरेशन करणारे गिरधर डॉक्टर एकटेच होते. हात सोन्यासारखा, पण बोलणे तुटक आणि बिल भारी. मग समोर दुसरा दवाखाना उघडला. आता बिले उतरतील, असे सरांना वाटले. पण नवऱ्याला घेऊन बाहेर आलेल्या कमलबाई माझ्या सीटला टेकून म्हणाल्या, "दार दोन शेतस भाऊ, पन भाव एकच शे. मंग आम्ही जावानं कोठे?"

दोघा डॉक्टरांनी आपसांत दर ठरवून घेतले होते. सरांनी गावोगावच्या रुग्णांना विचारून खात्री केली आणि धुळ्याला डॉक्टरांच्या परिषदेत, गिरधर डॉक्टरांसमोरच, ते लेख वाचून मांडले. भोंगा बाहेर लावलेला होता, म्हणून मलाही सारे ऐकू आले.

"तुम्ही फळा सांभाळा, ऑपरेशन आमच्यावर सोडा!" गिरधर डॉक्टर कडाडले.

"ऑपरेशन तुमच्यावरच सोडतो," सर शांतपणे म्हणाले. "रुग्णाला आधी खर्च सांगा आणि त्याला निवडू द्या, एवढेच मागतो."

डॉक्टरांची तक्रार गेली आणि लवकरच कॉलेजच्या संस्थाचालकांचा निरोप आला. लिहिलेले मागे घ्या, नाहीतर संस्थेच्या दूरच्या, आडगावातल्या कॉलेजात बदली. सर अंगणात माझ्याजवळ उभे होते. त्यांच्या पत्नी लताबाई म्हणाल्या, "बिऱ्हाड हलवू. खरे लिहिलेले मागे कशाला घ्यायचे?"

बिऱ्हाड हलले. भांड्याकुंड्यांबरोबर मीही टेम्पोत चढले.

पण त्या परिषदेला आलेल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी भडगावात तिसरा दवाखाना काढला आणि दरांची पाटी दारावरच लावली. लोक तिकडे वळले. मग उरलेल्या दोन्ही दारांवरही पाट्या लागल्या, बिले उतरली. या साऱ्यावर सरांनी लिहिलेले पुस्तक विद्यार्थ्यांना अभ्यासाला लागले आणि संस्थेने त्यांना मानाने जळगावला परत बोलावले.

१९९६ साली सरांना पित्ताशयाच्या खड्यांचा त्रास सुरू झाला. लताबाईंना मागे बसवून त्यांनी मला थेट गिरधर डॉक्टरांच्या दारात नेले. लताबाई चकित झाल्या.

"भांडण दरांशी होते," सर म्हणाले. "हात त्यांचाच चांगला."

मी खिडकीखाली उभी होते. आत गिरधर डॉक्टर खुर्ची ओढून सरांजवळ बसले. "आधी खर्च सांगतो, मग आजार समजावतो. ही सवय तुम्ही लावलीत, सर."

मित्रांनो, त्या दिवशी माझ्या पत्र्याच्या छातीत अभिमान मावेना!

आता तो पत्रा गंजला आहे. गंजू द्या. तुम्ही मात्र दवाखान्यात गेलात की न घाबरता, अदबीने आधी खर्च विचारा. आणि तुमच्यासाठी कोणी विचारत असेल, तर त्या माणसाला जपा. त्याला एकटे पाडू नका.