दातांवरचे चार चौकोन

सकाळी साडेनऊला, पहिला पेशंट यायच्या आत, दातांच्या दवाखान्यातल्या मदतनीस बाईने आपल्या धाकट्या बहिणीला खुर्चीत बसवलं आणि दिवा तिच्या तोंडावर ओढला. समोरच्या चार दातांवर चार पिवळट-तपकिरी चौकोन उमटले होते. दात सरळ करणाऱ्या तारेचे ब्रॅकेट जिथे चिकटवले होते, नेमके तिथे.

"ताई, जातील ना? दुपारी कॅमेऱ्यासमोर उभं राहायचंय."

"आ कर. बोलू नकोस."

धाकटीला टीव्हीवर हवामान सांगायचं होतं; दुपारी त्याचीच चाचणी होती. लहानपणी दात एकावर एक चढलेले, म्हणून ती तोंडावर हात धरून हसायची. तारा काढल्या तेव्हा दात सुतात आले होते. डॉक्टर थोरलीला म्हणाले होते, "तुझीच बहीण, ब्रॅकेटखालचं उरलेलं सिमेंट तूच घासून काढ."

परक्यांच्या दातांवर तिचा हात कधी कचरला नव्हता; त्या दिवशी कचरला. जोर जास्त झाला तर दाताचं वरचं कवच जाईल, ते पुन्हा येत नाही, या धास्तीने तिने सिमेंटचा पातळ पापुद्रा तसाच ठेवला. ओल्या दातावर तो दिसत नाही. दात हवेने वाळवून बघायचा असतो. पण गार हवेने बहीण शहारली, आणि थोरलीने तेही सोडून दिलं. पुढे चहा-कॉफीने आपलं काम केलं.

आज तिने सगळं घासलं, वाळवूनही पाहिलं. चौकोन फिके झाले, गेले नाहीत.

डॉक्टर भिंग लावून वाकले. "सिमेंट आत मुरून रंगलंय. आणखी घासलं तर दात झिजेल. ब्लीच करून बघू, पण रंग एकसारखा होईलच असं नाही."

"वरून थर देऊन झाकलं तर?" थोरलीने विचारलं.

"त्यालाही आधी घासावंच लागतं."

धाकटीने आरशात पाहिलं. "घरची म्हणून सूट दिलीस होय गं मला?"

थोरलीने हातमोजे काढले.

संध्याकाळी आईचा फोन आला. "टीव्हीवाले हसून दाखवा म्हणाले, तर हिचा हात तोंडावर गेला म्हणे. आल्यापासून दार लावून बसलीये."

"मग ते काय म्हणाले?"

"कळवतो म्हणाले."

दवाखाना बंद होईपर्यंत त्यांनी काही कळवलेलं नव्हतं.