पवनचक्कीखालचा कर्णा

जन्मभर मी ऐकत आलो. बोलायची मला सवय नाही आणि हौस तर मुळीच नाही. पण आता राहवत नाही, म्हणून तोंड उघडतोय.

दवाखान्यात माझं नाव फीटोस्कोप. गावातल्या बायकांच्या जिभेला ते काही वळलं नाही, त्या मला कर्णा म्हणतात. दिसायलाही मी तसाच आहे. एका बाजूला रुंद तोंड, मध्ये पोकळ नळी, दुसऱ्या बाजूला कान टेकायला चपटी चकती. तोंड पोटुशीच्या पोटावर ठेवायचं, चकतीला कान लावायचा आणि हात काढून घ्यायचा. हात राहिला तर बोटांची घासघासच ऐकू येते. एवढं केलं की आतल्या बाळाच्या काळजाचे ठोके वर येतात. मला वीज लागत नाही, सेल लागत नाहीत. शांतता तेवढी लागते.

मला ॲल्युमिनियममधून कोणी घडवलं ते माहीत नाही. आठवतं ते खोक्यातलं भुसकट आणि त्यानंतर द्वारकाबाईंचा गार कान. तीर्थपुरीच्या पुढे, टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या या सरकारी दवाखान्यात त्या सिस्टर होत्या. बाई मोठ्या कडक. मला पोटावर ठेवलं की एकच शब्द बोलायच्या, "गप!" मग सासूची कुजबुज थांबायची, पोटुशी आपल्या बांगड्या मनगटावर दाबून धरायची, ओट्यावर बसलेला नवरा खोकला गिळायचा. या गावातली माणसं एरवी मयतीला गेली तरी पाऊसपाण्याच्या गप्पा मारतात. पण माझ्यासाठी अख्खी खोली श्वास रोखून धरायची. मला याचा फार गर्व होता. अजूनही आहे.

द्वारकाबाई निवृत्त झाल्या तेव्हा त्यांनी मला तृप्ती सिस्टरच्या हातात दिलं. "धून-पुसून ठेवत जा. आन ऐकताना जल्दी करू नको," एवढं सांगून त्या गेल्या. तृप्ती वडीगोद्रीहून स्कुटीवर यायची. जरा धांदरट होती, पण कान चांगला होता. तिचं नि माझं लवकर जुळलं.

पुढे टेकडीवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. गावाला आधी त्यांचं केवढं कौतुक! नवरा-नवरी तिथं जाऊन फोटो काढून घ्यायचे. मग आखाडाचा वारा सुटला आणि पाती फिरायला लागली. हूंऽप, हूंऽप. कोणीतरी उशाशी बसून धापा टाकत असावं, तसा तो आवाज. खिडकीच्या काचा थरथरायच्या. गावानं काही दिवस कपाळाला हात लावला आणि मग म्हणायला सुरुवात केली, की सवय होते. माणसांना होत असेल. मला झाली नाही. माझ्या तोंडात जे शिरेल ते वर जातं. हे घे आणि ते नको, असं मला करता येत नाही.

तक्रार झाल्यावर आवाज मोजायला माणसंही आली. कधी? दिवाळीनंतर. वारा पडलेला, पाती झोपा काढत होती. त्यांनी यंत्र उंच धरलं, चहा घेतला आणि आवाज नियमात बसतो म्हणून सांगून निघून गेली. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. माझा असा संताप झाला की काय सांगू!

आणि मग त्याच्या पुढच्या आखाडात रेणुका आली.

ती झुंबरबाईंची सून. पहिलटकरीण. नवरा राधाकिसन जालन्याच्या एमआयडीसीत सळयांच्या कारखान्यात, पाळीवर होता. तिला कळा सुरू झाल्या होत्या आणि बाहेर वारा नुसता पिसाळला होता. तृप्तीनं खिडकी लावली, पंखा बंद केला, "गप!" म्हणाली. खोली गप्प झाली, टेकडी झाली नाही. तृप्ती पुन्हा पुन्हा कान लावत होती. ठोके चक्कीच्या आवाजाखाली बुडालेत की खरंच मंद झालेत, तिला ठरवता येईना. ठरेपर्यंत उशीर झाला; मोठ्या दवाखान्यात नेताना ती वाटेतच बाळंत झाली. मुलगा होता. तो रडलाच नाही.

झुंबरबाईंनी दवाखान्याच्या दारात तृप्तीला नाही नाही ते सुनावलं. तृप्तीनं माझं तोंड आपल्या छातीवर ठेवलं आणि म्हणाली, "मावशी, तुम्हीच ऐका."

झुंबरबाईंनी कान लावला. बराच वेळ लावला.

"ह्यात तर चक्कीच बोलून राह्यली," त्या म्हणाल्या. "बाई, तुहं काळीज कुठं गेलं?"

त्या दिवसापासून त्या म्हातारीनं कोणाला झोपू दिलं नाही. ग्रामसभेत उठल्या, तालुक्याला गेल्या, जालन्याला गेल्या. प्रश्न विधिमंडळात पोचला. बाळंतपण कितपत सुरक्षित आहे आणि चक्क्यांचा आवाज किती, दोन्ही बघायला समिती येणार असं ठरलं. दरम्यान दवाखान्याला एक नवं यंत्र मिळालं. ते बाळाचे ठोके आकड्यात दाखवतं, बाहेर ढोल वाजला तरी त्याला फरक पडत नाही. मला हेवा वाटला, नाही कशाला म्हणू? पण सुटकाही वाटली. म्हटलं, आता तरी बाळं माझ्या एकट्याच्या भरवशावर राहणार नाहीत.

कसलं काय! डॉक्टरसाहेबांनी ते यंत्र वेष्टनासकट काचेच्या कपाटात ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. "समितीला नवं कोरं दिसलं पाहिजे," म्हणाले. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. आपल्याकडे नव्या सोफ्यावरचं प्लास्टिक फाटेपर्यंत काढत नाहीत ना, त्यातलाच हा प्रकार. सोफ्याचं ठीक आहे हो. पण इथं रेणुकाला पुन्हा दिवस गेले होते.

समिती यायची ती पुढच्या वर्षीच्या आखाडातच आली. भिंतींना रंग, दारात रांगोळी, बाळंतपणाच्या खाटेवर सुरकुती नसलेली चादर. डॉक्टरांनी सगळ्यांना बजावलं, "आज बाळंतपणाची केस घ्यायची नाही. कोणी आलं तर बाहेरूनच पुढं पाठवा. गडबड दिसायला नको." बाळंतपण तपासायला समिती येणार म्हणून त्या दिवशी बाळंतपण बंद! रुग्णवाहिका धुऊन, झेंडूची माळ घालून अंगणात उभी केली. आणि मी? जुनाट दिसतो म्हणून मला अडगळीच्या खोलीत फिनेलच्या बादलीत टाकलं. इतकी बाळं ऐकली, त्याचं हे बक्षीस.

बादलीत पडल्या पडल्या मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. मग लक्षात आलं. टेकडी गप्प होती.

बाहेर रुग्णवाहिकेचा चालक कडूबा कोणालातरी म्हणत होता, "वारा तर भन्नाट सुटलाय. मंग पाती कामून थांबली?"

"दुरुस्ती हाये म्हणं."

"आजच बरी दुरुस्ती निघाली! आन त्यो चक्कीच्या कंपनीचा गडी वर उभा राहून रस्ता कामून बघून राह्यला?"

गाड्या आल्या. समितीच्या अध्यक्षबाई उतरल्या तशा म्हणाल्या, "किती शांत आहे हो इथं!" कंपनीचे साहेब सोबत होते, ते हसले. मंडळी पुढच्या खोलीत बसली, आणि त्याच वेळी मागच्या दारातून झुंबरबाई रेणुकाला धरून आत आल्या. पुढून कोणी येऊच देत नव्हतं.

तृप्तीनं तिला अडगळीतल्या बाकड्यावर झोपवलं आणि ती पळत कपाटापाशी गेली. किल्ली डॉक्टरांच्या खिशात, डॉक्टर समितीच्या पुढ्यात. ती परत आली, बादलीत हात घातला, मला नळाखाली धुतलं, पदराला पुसलं.

"गप," ती म्हणाली.

आणि खरंच सगळं गप्प होतं. कित्येक दिवसांत अशी शांतता माझ्या वाट्याला आली नव्हती. ठोके आले. टकटक टकटक, स्वच्छ, चांगल्या चालीचे. मग रेणुकाला कळ आली. कळ ओसरली, तसे ठोके मंदावले. आणखी मंदावले. परत वर यायला त्यांना फार वेळ लागला. तृप्तीनं तिला डाव्या कुशीवर वळवलं आणि पुढच्या कळेनंतर पुन्हा ऐकलं. तेच. तिचा कान माझ्यावर गरम झाला होता.

"मावशी, मोठ्या दवाखान्यात न्यायचं. आत्ताच्या आत्ता."

झुंबरबाईंचा आवाज फाटला. "गेल्या साली बी असंच केलंत, सिस्टर. वाटंनं लेकरू गेलं माझं."

"गेल्या साली मला ऐकू आलं न्हवतं, मावशी. आज येऊन राह्यलंय. बाळ दमलंय, पण हाये. चला."

अंगणात रुग्णवाहिकेच्या पुढे समितीच्या गाड्या आडव्यातिडव्या लागल्या होत्या. डॉक्टर दारातच आडवे आले आणि कुजबुजले, "सिस्टर, हात जोडतो. थोडं थांबा, आता निघतीलच." तृप्ती थांबली नाही. मला मुठीत धरून ती थेट समितीसमोर जाऊन उभी राहिली.

"मॅडम, मागच्या खोलीत बाई अडलीये. बाळाचे ठोके उतरायलेत. तुमच्या गाड्या काढा."

अध्यक्षबाई उठल्या. "आधी गाड्या काढा," त्या म्हणाल्या. "ऐकू नाही आलं? काढा!"

चालक धावले. अंगण अरुंद, वाट त्याहून अरुंद. रुग्णवाहिकेला जागा करून द्यायला सगळ्या गाड्या पार मोठ्या रस्त्यापर्यंत गेल्या. रेणुकाला निजवलं, झुंबरबाई चढल्या. तृप्तीनं चढता चढता हातातलं ओझं समोर दिसेल त्याला दिलं, आणि ते ओझं म्हणजे मी, अध्यक्षबाईंच्या हातात आलो. कडूबानं माळेसकट गाडी काढली. धुरळा उडाला.

तो धुरळा टेकडीवरच्या गड्यानं पाहिला. ओळीनं गाड्या चालल्या म्हणजे समिती गेली, असं त्यानं धरलं. तो बिचारा आपलं काम बरोबर करत होता.

पहिलं पातं हललं. मग दुसरं. हूंऽप. हूंऽप. ओट्यावर उभ्या असलेल्या अध्यक्षबाईंनी मान वर केली. दवाखान्याच्या काचा वाजायला लागल्या. कंपनीचे साहेब फोनवर दबक्या आवाजात ओरडत होते, "अरे बंद कर! गेले नाहीत ते, बंद कर!" पण एवढी मोठी पाती, ती काय फोनसरशी थांबतात!

"डॉक्टर, हा कसला आवाज?"

डॉक्टरांनी कंपनीच्या साहेबांकडे पाहिलं, मग रुग्णवाहिका गेली त्या वाटेकडे पाहिलं. "रोजचा आहे, मॅडम," ते म्हणाले. एवढं बोलताना त्यांना घाम फुटला होता.

अध्यक्षबाईंनी मला उलटसुलट करून बघितलं. कुठलं तोंड कुठं लावायचं ते विचारून घेतलं. मग डॉक्टरांना जवळ बोलावलं, मला त्यांच्या सदऱ्यावर ठेवलं आणि चकतीला कान लावला.

"तुमचं काळीज आत्ता जोरात धडधडत असणार," त्या म्हणाल्या, "पण मला ऐकू येत नाही."

धडधडत होतं. मला माहीत आहे, मी तिथंच होतो.

समिती गेली तरी डॉक्टर ओट्यावरून उठले नाहीत. दर थोड्या वेळानं फोन लावायचे, लागायचा नाही. मी टेबलावर पडून होतो. वर पाती फिरत होती, आणि मला सारखे ते उतरत जाणारे ठोके आठवत होते. दिवस कलताना कडूबा आला. गाडीवरची माळ तुटून लोंबत होती.

"पोरगी झाली," तो म्हणाला. "शिजर करावं लागलं. पर रडली साहेब. लई रडली."

डॉक्टरांनी खिशातून किल्ली काढली, कपाट उघडलं आणि यंत्राचं वेष्टन स्वतःच्या हातानं फाडलं.

समितीचा अहवाल यायचा आहे. त्यात आमच्याबद्दल काय असेल ते मला कोण सांगणार? पाती अजून फिरतात. यंत्र रोज वापरतात, मी भिंतीवर खिळ्याला लटकलेला असतो. पण सेल संपले आणि नवे आले नाहीत, की तृप्तीचा हात माझ्याकडे वळतो. तेव्हा मला भीती वाटते. वाऱ्याच्या दिवसांत तर फार वाटते.

आज रेणुका पोरीला लस टोचायला घेऊन आली होती. झुंबरबाईंनी मला खिळ्यावरून काढलं आणि नातीपुढे धरलं. "ह्यानंच आइकलं व्हतं तुला." पोरीनं मला दोन्ही हातांनी पकडलं आणि तेवढ्यात सुई टोचली. ती माझ्या रुंद तोंडात अशी ओरडली, अशी ओरडली, की टेकडीचा आवाज कुठल्या कुठे गेला. तिला ऐकायला कोणाला कान लावावा लागला नाही.

पण बाकावर दुसरी एक पोटुशी आपली पाळी येण्याची वाट बघत बसलीये. तिचं बाळ अजून आत आहे. त्याला असं ओरडता येत नाही. बाहेर वारा वाढलाय, यंत्राचे सेल कालच संपलेत आणि तृप्ती मला धुऊन आणतेय. ज्यांच्या हातात ती टेकडी आहे, त्यांना माझी एवढीच विनवणी आहे. तृप्ती आता कान लावतेय.

गप.