सुझौहून आलेली बॅग

प्रज्वलने आईला चीनला नेलं, ही गोष्ट मांजर्लीतल्या त्यांच्या सोसायटीत आठवडाभर चघळली गेली. अंजनी तेव्हा बासष्ट वर्षांची होती. नवरा गेला तेव्हा प्रज्वल तिसरीत होता. उल्हासनगरच्या कारखान्यांतून जीन्सचे गठ्ठे घरी आणायचे, शिलाईचे सुटे धागे कापायचे आणि गठ्ठे परत पोचवायचे, या कामावर तिने त्याला वाढवलं. तिने केलेला सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे तुळजापूर.

प्रज्वलचं आता उल्हासनगरात मोबाईलच्या कव्हरांचं आणि चार्जरचं दुकान होतं. माल आणायला तो वर्षातून तीन-चारदा चीनला जायचा. घरात तो आईशी फारसा बोलत नसे. बोलला तर "आई, तोंड मिटून खा," किंवा "पाहुणे आलेत, जरा आत बस." आत म्हणजे किचनमध्ये, कारण ती हॉलमध्ये झोपायची आणि तिची अशी खोली नव्हती. म्हणून एका रविवारी तो जेवताना म्हणाला, "आई, या वेळी तू चल माझ्याबरोबर. सुझौ दाखवतो तुला," तेव्हा अंजनीला वाटलं, पोरगा चेष्टा करतोय.

"मी काय करू तिकडे?"

"बागा बघ, देवळं बघ. सगळे बघायलाच येतात तिथे."

"जा हो आई," सून ऋतिकाही म्हणाली. "किती दिवस घरात बसणार?" तिनेच पासपोर्टची धावपळ केली. प्रज्वलने आईला चाकांची मोठी, निळी बॅग घेऊन दिली. सहा वर्षांची नात सोनू त्या बॅगेत बसून हॉलभर फिरली.

सुझौला ते सहा दिवस होते. पहिल्या दिवशी प्रज्वलने तिला एका जुन्या बागेत नेलं. पाचशे वर्षांपूर्वी एका सरकारी अधिकाऱ्याने निवृत्त झाल्यावर ती बांधली होती. बाग म्हणजे फुलांचे ताटवे, एवढंच अंजनीला ठाऊक. इथे तळी होती, तळ्यांवर वाकडे पूल होते, झिजलेल्या दगडांचे बुटके डोंगर रचले होते. भिंतींना खिडक्या होत्या आणि एकीची जाळी दुसरीसारखी नव्हती. ती प्रत्येक खिडकीपाशी थांबायची. प्रज्वल चिडला नाही. बरोबर लिन नावाची गाईड मुलगी होती, ती मोडकं इंग्रजी बोलायची आणि प्रज्वल ते मराठीत सांगायचा.

"ती म्हणते, बापाने ही बाग सोळा वर्षं खपून बांधली, आणि पोराने एका रात्रीत जुगारात घालवली."

"अगं बाई! मग बापाने काय केलं?"

"बाप आधीच मेला होता."

"बरं झालं," अंजनी म्हणाली, आणि प्रज्वल मोठ्याने हसला. तिच्या बोलण्यावर तो असा हसल्याला कितीतरी वर्षं झाली होती.

मग रोज काहीतरी. टेकडीवरचा हजार वर्षांचा विटांचा मनोरा, एका अंगाला कललेला. "सरळ का नाही करत कोणी?" तिने विचारलं, तेव्हा प्रज्वलने तो प्रश्न लिनला सांगितला आणि लिनने तिला मिठीच मारली. चौथ्या दिवशी ते तोंगलीला गेले. सगळं गावच पाण्यात. रस्त्यांच्या जागी कालवे, घरांच्या पायऱ्या सरळ पाण्यात उतरलेल्या, आणि शेवटच्या पायरीवर बसून एक म्हातारी पालेभाजी धूत होती. अंजनी बघतच राहिली. मांजर्लीत नदीचं पाणी जिन्याला लागलं की लोक फ्रिज उचलून वरच्या मजल्यावर पळतात. दोन हजार पाचच्या पुरात तिचा सगळा संसार त्याच पाण्याने नेला होता. आणि इथे पाणी दारात उभं होतं, पण कोणाला त्याची भीती नव्हती.

त्या गावात एकमेकांच्या जवळ तीन दगडी पूल आहेत. ते तिन्ही ओळीने ओलांडले की माणसाचं भलं होतं, असं तिथले लोक मानतात. प्रज्वलने तिचा हात धरून तिला तिन्ही पुलांवरून नेलं. पायऱ्या बुळबुळीत होत्या.

"सावकाश, आई. घाई नाही."

तिसऱ्या पुलावर अंजनीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने पदर लावला आणि वारा लागतोय म्हणाली.

निघायच्या आदल्या दिवशी तो म्हणाला, "इथे मोठ्या घंटेचं एक देऊळ आहे, तिथे लिन तुला नेईल. बॅगा मी भरतो. तुझे गुडघे दुखतायत."

दुपारभर ती त्या पिवळ्या भिंतींच्या देवळात बसली. मोठ्या घंटेवर लाकडी ओंडका आपटून लोक तीन-तीन टोले देत होते. तिनेही दिले. एक प्रज्वलसाठी, एक ऋतिकासाठी, एक सोनूसाठी. आपल्यासाठी मागायचं काही आठवलं नाही.

परतीच्या विमानात प्रज्वल तिच्याकडे वाकून बोलला.

"आई, नीट ऐक. उतरल्यावर तू पुढे चालायचं. मी मागून येतो. कोणी विचारलं, तर एकटीच आलेय म्हणायचं."

"का रे?"

"दोघं एकत्र दिसलो की उगाच थांबवतात. मी नेहमी येतो ना, तोंड ओळखतात माझं."

मुंबईत उतरले तेव्हा दुपारचे चार वाजले होते. बॅगेचं वजन तिला ट्रॉलीवरही जाणवत होतं. चहाची पाकिटं असतील, तिला वाटलं. बाहेरच्या दरवाज्याअलीकडे कस्टमच्या मशीनमधून बॅग गेली आणि पांढऱ्या गणवेशातल्या अधिकारी बाईने ती बाजूला घेतली.

"आजी, काय आहे यात?"

"माझे कपडे. चहा असेल."

बॅग उघडली. वर तिच्या चार साड्या, सोनूसाठी घेतलेला कागदी पंखा. त्याखाली टॉवेल. टॉवेलाखाली रंगीत डब्या, पेनच्या पेटीएवढ्या, एकीला एक घट्ट लावलेल्या, तळापर्यंत.

"हे काय?"

"मला नाही माहीत."

"ई-सिगारेट आहेत. देशात आणायला बंदी आहे. एवढ्या कोणासाठी आणल्यात?"

अंजनीने मागे बघितलं. प्रज्वल आपली ट्रॉली ढकलत येत होता. तिच्यापासून हातभर अंतरावरून तो गेला, मोबाईलमध्ये बघत. तिला वाटलं, त्याला दिसलं नसेल.

"प्रज्वल!"

तो थांबला नाही. चाल मात्र वाढली. ते त्या अधिकारी बाईनेही पाहिलं. तिने दारावरच्या शिपायाला हात केला आणि प्रज्वलला परत आणलं.

"यांना ओळखता?"

"नाही मॅडम. विमानात शेजारी होत्या. वय झालंय, गोंधळल्या असतील."

अंजनी त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तो तिच्याकडे बघतही होता, अगदी नीट, जसं अनोळखी माणसाकडे बघतात. अधिकारी बाईने हात पुढे केला. "पासपोर्ट." त्याच्या पासपोर्टचं शेवटचं पान उघडून तिने आईचं नाव वाचलं, मग अंजनीच्या पासपोर्टवरचं नाव वाचलं, आणि दोन्ही पासपोर्ट टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

प्रज्वलने दोन्ही पासपोर्टांकडे बघितलं. "हो, आई आहे माझी. घाबरलो मी. पण बॅग तिची आहे, मॅडम. तिला कोणीतरी पार्सल दिलं असेल. तिला काय कळतंय?" मग तो आईकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "आई, तू घेतलं म्हण. तुझं वय बघून सोडतील तुला. मी अडकलो तर सगळं संपेल. सोनूचा विचार कर."

अंजनीने विचार केला. त्याने हे सुझौलाच सांगितलं असतं, पाय धरून मागितलं असतं, तर तिने बॅग उचलली असती, हे तिला त्या क्षणी स्पष्ट कळलं. पण त्याने मागितलं नव्हतं. तिला पूल दाखवले होते.

"आजी, बॅग कोणी भरली?"

"ह्याने," ती म्हणाली. "मी तेव्हा देवळात होते."

जबाब लिहून होईपर्यंत दुसरा दिवस उजाडला. तिला सोडलं, त्याला ठेवून घेतलं. ती मांजर्लीला पोचली तेव्हा ऋतिका दारात उभी होती. साखळी लावूनच तिने दार उघडलं.

"पोटच्या पोराला आत टाकून आलात?"

"ऋतिका, तुला माहीत होतं बॅगेत काय आहे ते?"

"तुम्हाला काही झालं नसतं. त्याला झालं. एवढं पण नाही करता आलं तुम्हाला?"

तिचे कपडे दोन पिशव्यांत भरून बाहेर ठेवले होते. औषधांची डबी वरच होती. एवढी काळजी ऋतिकाने घेतली होती.

कात्रपला गयाबाई नावाची तिच्या धागे कापण्याच्या दिवसांतली मैत्रीण राहायची. तिने आपल्या एका खोलीत जागा दिली, पण तीही पहिल्याच दिवशी म्हणाली, "अंजे, चुकलंच तुझं. आई होतीस ना तू?"  एका डबेवालीकडे पोळ्या लाटायचं काम अंजनीने धरलं.

तीन आठवड्यांनी प्रज्वल जामिनावर सुटला. तो वकील घेऊन गयाबाईकडे आला. बरोबर टाईप केलेला कागद होता : वयामुळे मला विसर पडतो, त्या दिवशी मी काय बोलले ते मला आठवत नाही.

"सही कर आणि घरी चल," तो म्हणाला. "हॉलमध्ये तुझी जागा तशीच आहे."

"मला सगळं आठवतं," अंजनी म्हणाली.

"तिकडे हात धरून फिरवत होतो, तेव्हा मला किती कंटाळा आला होता, माहितेय तुला? प्रत्येक खिडकीपाशी थांबत होतीस." त्याने कागद घडी करून खिशात ठेवला. "मेलीस तरी मी येणार नाही."

तो गेल्यावर तिने पीठ मळायला घेतलं.

सोनूची शाळा कात्रपलाच होती. महिनाभर अंजनीने तो रस्ता टाळला. मग एका दुपारी ती शाळा सुटायच्या वेळी फाटकापाशी जाऊन उभी राहिली. सोनू धावतच आली आणि तिच्या कमरेला बिलगली.

"आजी, तू चीनवरून कधी आलीस?"

"काय?"

"पप्पा म्हणाले, तू तिकडेच राहिलीस. तुला पाण्याचं गाव आवडलं. आम्ही नाही आवडत तुला."

अंजनी खाली बसली. पोरीचा हात हातात घेतला. "नाही गं. मी इथेच राहते, कात्रपला. पप्पा खोटं सांगतात."

सोनूने हात सोडवून घेतला. तिचं तोंड लाल झालं. "माझे पप्पा खोटं नाही बोलत! तू बोलतेस!" ती धावत व्हॅनकडे गेली आणि खिडकीतून तिने पुन्हा बघितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून व्हॅन मागच्या फाटकातून सुटू लागली. शिपायाने अंजनीला सांगितलं, "मावशी, पालकांनी लेखी दिलंय. तुम्ही इथे उभं राहू नका."

ती बरं म्हणाली. चार वाजत आले होते आणि दीडशे पोळ्या लाटायच्या होत्या.