बावीस पिल्लांखालची गोणी

फुलाबाईच्या सुनेला, म्हणजे मीनाला, ज्या वर्षी सृष्टी झाली, त्याच वर्षी मी या घरात आले. मी एक जुनी तागाची गोणी आहे. आधी मी पिंपळगाव बसवंतला कांदा वाहिला. माझा तळ फाटला तेव्हा मीनाने मला मागून घेतलं आणि कळवणच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या घरी आणलं.

मित्रांनो, तिथे मला चांगलं काम मिळालं. फुलाबाई गिनी कोंबड्या पाळायची. गिनीची पिल्लं अंड्यातून निघतात तेव्हा अंगठ्याएवढी असतात. त्यांच्याखाली काय अंथरावं, हे ती ठेचा खाऊनच शिकली होती. वर्तमानपत्रावर पाय घसरून फाकतात आणि पिल्लू पुन्हा उभं राहत नाही. लाकडाचा भुसा ती दाणा समजून खातात. म्हणून तिने माझी शिवण उसवली, मधोमध कापलं आणि मला उबेसाठी बल्ब लावलेल्या खोक्यात अंथरलं. माझ्या जाड विणीत पिल्लांची नखं रुतायची. एक अर्धी खोक्यात, दुसरी धुऊन खडकावर. वाळली की नाही ते फुलाबाई गालाला लावून बघायची. सुटा धागा दाताने तोडायची, कारण तो पिल्लाच्या पायाला आवळतो.

यंदा बावीस पिल्लं निघाली. मीना दर साली द्राक्षांच्या कामाला पिंपळगावला जायची आणि सृष्टी इकडे रडून तापाने फणफणायची. फुलाबाई फोनवर मीनाला म्हणाली होती, "बावीस जगली, विकली, तर पुढल्या साली तू जायाचं नाय."

हंगाम संपवून मीना परत आली, ती पांढऱ्या कागदांचा गठ्ठा घेऊन.

"आत्या, फेका ते तरट. हे बघा, लय मऊ हाय. पिल्लांना गादी!"

"मला नाय कधी आनली गादी," फुलाबाई हसली. "पन यात ही पावडर कसली गं?"

"द्राक्षं सडू नये म्हनून खोक्यात वर ठेवत्यात. खायच्या मालावर ठेवत्यात, मग वाईट कसं असंल?"

कागदावर अक्षरं होती. दोघींनाही वाचता येत नव्हतं.

खोक्यात ते कागद अंथरले आणि मला उंबऱ्यावर पाय पुसायला टाकलं. दुपारी अवकाळी पाऊस आला. पिल्लांना गारवा लागू नये म्हणून मीनाने खोक्यावर प्लास्टिक ओढून घेतलं. आत पाण्याचं भांडं कलंडलं आणि कागद भिजले. ती पावडर भिजली की तिच्यातून विषारी वायू सुटतो. काडी ओढल्यावर येतो तसा वास मला आला. चिवचिव विरळ झाली, मग थांबली. मी उंबऱ्यावर होते. मला ओरडता येत नाही.

पाऊस उघडल्यावर मीनाने प्लास्टिक काढलं.

"आत्या, म्या मारली."

"तू नाय. म्या इचारलं, आन् तुझं लगेच खरं मानलं."

त्यानंतर फुलाबाईने मला धुतलं नाही. धुऊन अंथरायचं तरी कोणाखाली?

मित्रांनो, एखादी वस्तू पांढरी आणि मऊ दिसते म्हणून तिच्यावर इवले जीव ठेवू नका. ती कशासाठी केली आहे ते वाचा. वाचता येत नसेल तर वाचणाऱ्याला विचारा, त्यात कमीपणा नाही.

संक्रांतीनंतर मीना पुन्हा कामाला जाणार आहे. आई पुन्हा जाणार, हे सृष्टीला अजून कोणी सांगितलेलं नाही. बावीसच्या बावीस पिल्लं यंदा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी, दिवस मावळायच्या आत मेली.